भिंतीकडे तोंड

आत्या,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि आपलं कांडप अजून चालू आहे. हे आधी सांगते, कारण दवाखान्यात शेवटच्या दिवसांतही मी भेटायला आले की तुम्ही घरच्या माणसांची नाही, मिरची कांडायच्या यंत्राची, आपल्या डंकाच्या पट्ट्याची चौकशी करायचात. पट्टा दोनदा बदलला. मुसळं तीच आहेत. तुमचा मुलगा अजून कागलच्या एमआयडीसीत पाळीला जातो आणि घरी आला की शेडच्या दारातच शिंकायला लागतो. तुमची नात कॉलेजात आहे. बाकी सगळं ठीक, असं लिहून मोकळी झाले असते, पण तुमच्यापुढं मला कधी धड खोटं बोलता आलं नाही, आणि आज जे सांगायला बसले आहे ते ठीक नाही.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुम्हाला आई म्हणाले, तर तुम्ही लगेच म्हणालात, "आई म्हणू नगंस, तुला तुझी आई हाय. आत्या म्हण." मला ते तेव्हा लागलं होतं. महिन्याभरात वर्षभराचं चटणी-तिखट कांडायचा मोसम सुरू झाला आणि तुमच्याकडं बघायला मला वेळच उरला नाही. सकाळी सहापासून दारात बायकांची रांग. मिरच्यांची पोती, भाजलेल्या मसाल्याचे डबे, खोबऱ्याचा खमंग वास आणि त्यावर मिरचीचा खकाणा. जैन घरांची चटणी दिवसात पहिली, उखळात कांदा-लसूण पडायच्या आत. मग बाकीच्यांची. एकीची चटणी झाली की उखळ मूठभर मिठानं पुसून घ्यायचं, मगच दुसरीची. हे सगळं तुम्ही मला हातवारे करूनच शिकवलंत, कारण डंकापुढं बोललेलं कुणाला ऐकू येतंय?

आणि ती पुरचुंडी. मसाला बायका उघड आणायच्या, पण बहुतेक घरांचं काहीतरी एक असं असायचं की ते पदराच्या गाठीत बांधून यायचं आणि सगळ्यात शेवटी पडायचं. ती वेळ आली की तुम्ही डंक बंद करायचात, स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीकडं तोंड फिरवायचात आणि समोरच्या कॅलेंडरवरच्या तिथी मोठ्यानं वाचायला लागायचात. आज चतुर्थी, उद्या पंचमी, परवा षष्ठी. बाईनं पुरचुंडी सोडावी, उखळात टाकावी, वर मिरची ढकलावी आणि खाकरावं, मग तुम्ही फिरणार. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. एवढं काय, मिरच्याच तर आहेत, सोनं आहे का? तिथी मोठ्यानं का वाचायच्या तेही कळलं नव्हतं. तुमची नजर कुठं आहे ते त्या बाईला कानानं कळावं म्हणून, हे पुढं कधीतरी माझं मलाच उमगलं.

त्याच वर्षी हातकणंगल्याची एक बाई आली होती. मी गप्पांच्या भरात तिला म्हणाले, तुमच्या जाऊबाई तीळ जरा जास्त घालतात नाही का, म्हणून त्यांची चटणी काळपट दिसते. बाई हसली. तुम्ही तिच्यादेखत एक शब्द बोलला नाहीत. ती गेल्यावर मला समोर उभं केलंत. "लोकं हितं मिरच्या घिऊन येत न्हाईत, आपलं घर घिऊन येत्यात. एकीचं घर दुसरीच्या दारात टाकणार असशील तर उखळापाशी बसू नगंस." आणि खरंच बसू दिलं नाहीत. आठ दिवस मी शेडच्या मागं मिरच्यांची देठं तोडत बसले होते. हाताची आग होत होती, रडायला येत होतं आणि डोळे पुसायचीही चोरी. नवव्या दिवशी सुतार एक बुटकं स्टूल घेऊन आला. तुम्ही ते तुमच्या स्टुलाला खेटून ठेवलंत, भिंतीकडं तोंड करून, आणि म्हणालात, बस. तुम्ही मला साड्याही दिल्यात, पाटल्याही दिल्यात, पण माझ्या मनात तुमची भेट म्हटली की ते स्टूलच येतं.

आता मुद्द्यावर येते. तुमच्यानंतर पाच-सहा मोसम बरे गेले. मग गिऱ्हाईक पातळ व्हायला लागलं. जुन्या बायका थकल्या, त्यांच्या सुना नोकरीला जातात, दोन दिवस मिरच्या वाळवून निवडायला कुणाला सवड आहे? पाकीट फोडलं की झालं. एका मार्चमध्ये दुपारभर डंक बंद होता आणि मी रिकाम्या शेडमध्ये कॅलेंडरकडं बघत बसले होते. तेव्हा तुमच्या नातीनं मोबाईलवर आपलं पेज काढलं. बचत गटाच्या बायकांसाठी एका हॉलमध्ये धंद्याची ऑनलाइन जाहिरात शिकवायचा वर्ग होता, तिथंही मला ओढत नेलं. शिकवणारा माणूस बोलायला गोड होता. म्हणाला, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. म्हणाला, लोकांना चटणी नको असते, चटणीमागची गोष्ट हवी असते. मी वहीत सगळं उतरवून घेतलं, शाळेतल्यासारखं.

आत्या, मला ते आवडलं. हेही सांगूनच टाकते. मुसळं वरखाली होतात त्याचा पहिला रील टाकला आणि कुठल्या कुठल्या गावच्या माणसांनी लिहिलं की हा आवाज ऐकून आजोळ आठवलं. कुणी मला काकू म्हणे, कुणी ताई. पुण्याहून, बेळगावहून चटणीच्या बरण्या मागवायला लागले. मी तुमच्या प्रमाणानं करून पाठवू लागले, ते प्रमाण आपलं घरचं, त्यात कुणाची चोरी नव्हती. दुपारी बंद असलेला डंक पुन्हा सुरू झाला. दर तासाला मोबाईल उघडून किती जणांनी बघितलं ते बघायची सवय लागली. आणि सगळीकडून एकच मागणी, काकू, खरं गुपित सांगा. वर्गातल्या त्या माणसाला फोन केला तर तोही तेच म्हणाला, एखादं गुपित दाखवा, मग बघा.

खानावळीच्या आक्का तुम्हाला सांगायला नकोत. आपल्यापासून दोन गल्ल्या पलीकडं, ऐन तरुणपणी नवरा गेला आणि तांबड्या रश्श्यावर ज्यांनी तीन लेकरं वाढवली त्या. तुमच्या वेळेपासून आपल्याकडंच कांडायच्या. चटणी डब्यात भरून झाकण लागेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. गेल्या मोसमात त्या आल्या तेव्हा मी विचारलं, मोबाईलवर काढू का? म्हणाल्या, "काढ की. मिरची दिसू दे माझी, त्वांड नगं." मी स्टँड उभा केला, मोबाईल लावला, उखळ बरोबर मधोमध घेतलं. मसाला पडला, मिरच्या पडल्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पदराच्या गाठीला हात घातला. मी डंक बंद केला, स्टुलावर वळले, तोंड भिंतीकडं केलं आणि तिथी वाचायला लागले. मोबाईल मात्र आपल्या जागी चालूच होता. आक्कांना वाटलं, त्याच्यामागं माणूस नाही म्हणजे तो बघत नाही.

रील इतका चालला की आपला आधीचा एकही तसा चालला नव्हता. लोक माझ्या तिथी वाचण्याला हसत होते. मग कुणीतरी त्या पुरचुंडीतली वस्तू ओळखली आणि खाली लिहिली. तोंड दिसत नसलं तरी हातावरून आक्काही गावानं ओळखल्याच. ती काय होती ते मी तुम्हालाही लिहीत नाही. चार दिवसांत गावातल्या तीन स्वयंपाकघरांत ती जाऊन पडली. एका गिऱ्हाइकानं आक्कांच्याच पंगतीत, आक्कांचाच रस्सा भुरकत मोबाईल पुढं धरला आणि म्हणाला, आता आम्ही घरीच करतो की.

भर दुपारी आक्का आल्या. बसल्या नाहीत. शेडमध्ये दोन बायका होत्या, त्यांच्यापुढं आवाजही चढवला नाही. स्टँडकडं बोट करून म्हणाल्या, "तुझी सासू भिंतीकडं त्वांड करत हुती. तू बी केलंस. मग ह्यो डोळा कुणाचा?" मी उखळाची कड पुसायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं, "चुकून झालं का?" मी म्हणाले, "व्हय आक्का, चुकून." त्या म्हणाल्या, "मग तुला काय बोलायचं," आणि निघून गेल्या. मी त्याच मिनिटाला रील काढून टाकला. तोवर तो दुसऱ्या दहा पेजांवर फिरत होता, कुणी वर गाणं लावून, कुणी माझ्या तिथी कापून.

तेव्हापासून धंदा जोरात आहे, आणि माझं चित्त ठिकाणावर नाही. जुन्या बायका आत आल्या की आधी स्टँड कुठं आहे ते शोधतात. स्टँड मी माळ्यावर टाकला, तरी शोधतात. एकजण पुरचुंडीतलं घरीच मिक्सरला लावून पूड करून आणते. एकीनं उखळावर पदर धरला तो मुसळात यायचा राहिला. तुमचा मुलगा म्हणतो, कशाला जिवाला लावून घेतेस, वस्तू तर वाण्याकडं मिळते. तुमची नात म्हणते, उलट आक्कांचं नाव घालून टाकायला हवं होतं, त्यांचीही जाहिरात झाली असती. दोघांनाही मी चुकूनच म्हणून सांगितलं आहे.

आज सकाळी आक्का आल्या. दरवर्षी पोतं असायचं, या वर्षी अर्धंच. दोन नव्या खानावळींत तीच चव मिळते म्हणे. मसाला पडला, मिरच्या पडल्या, मी डंक बंद केला आणि सवयीनं वळले. मागून त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. आता कुणापासनं लपवायचं?" तरी मी फिरले नाही. तिथी वाचायला लागले आणि एकादशीपर्यंत आले. त्या खाकरल्याच नाहीत. मी वळून बघितलं तर पुरचुंडी कधीच रिकामी करून त्या दारात चप्पल घालत होत्या. म्हणाल्या, चार वाजता न्यायला येते. चटणी डब्यात भरायच्या आधी आक्का आजवर कधी उठून गेल्या नव्हत्या. आता राखत बसायला त्यात काय उरलं होतं?

चटणी समोर परातीत निवते आहे आणि मी तुमच्या स्टुलाशेजारी माझ्या स्टुलावर बसून हे लिहिते आहे. आत्या, ते चुकून नव्हतं. रील टाकायच्या आधी मी तो बघितला. घरात कुणी नव्हतं. आक्कांचा हात, सुटलेली गाठ, उखळात पडणारी ती वस्तू, मी तीन वेळा बघितली. नातीनं मला कापायला शिकवलं होतं, बोट ठेवायची जागाही समोर होती. मला तुमची आठवण झाली, देठं तोडली तेही आठवलं. आणि मी तेवढा तुकडा राहू दिला, कारण थांबून बघावं असं त्यात तेवढंच होतं.

हे पत्र खरं तर तुम्हाला नाही. जिला द्यायला हवं तिला वाचता येतं, आणि घर चालत पाच मिनिटांवर आहे. कागदाची घडी करून मिठाच्या डब्याखाली ठेवते. चार वाजत आले. आक्का येतील, डबा उचलतील, आणि त्यांनी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा चुकूनच म्हणणार आहे, हे मला आताच ठाऊक आहे.