बाबांच्या पलंगाची चार समीकरणं

आदरणीय दादांस,

तुमच्या एकुलत्या मेहुण्याचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द पत्र शेवटपर्यंत वाचून मग तपासावा.)

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही तयार पलंग पाठवतो म्हणालात, आणि मी चारचौघांत, "पंचवीस वर्षं दवाखान्याच्या पलंगांची ड्रॉइंगं काढतोय, बाबांचा पलंग मीच करीन," असं बोलून बसलो. बाबांची अपेक्षा एवढीच, की कुणी हाताला न धरता ताठ बसून सकाळची प्रार्थना करता यावी. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. (तुमच्याकडे ते फोनवर रोज काही ना काही मागतात, ज्याच्यावर भरवसा त्याच्याकडेच माणूस मागतो, हे मला कळतं.) तेव्हा पलंग फसला असता तर नुसता पलंग फसणार नव्हता.

एक हँडल फिरवलं की पाठ उठावी आणि गुडघ्याखालची फळीही थोडी वर यावी, म्हणजे माणूस खाली घसरत नाही. यात खालच्या दांड्यांचे चार कोन अज्ञात, आणि एकाला हात लावला की उरलेले तिघं रुसतात (आमच्या घरातल्या चौघांसारखे). शिवाय दांडा दुप्पट फिरवला म्हणून पाठ दुप्पट उठत नाही, त्यामुळे ही समीकरणं वहीत सुटणारी नव्हेत. तुमच्या लेकीने माझ्या कॉम्प्युटरवर गणितं सोडवणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी बसवून दिली. समीकरणं आपण लिहायची, सोडवायचं काम तिचं. अट एकच, उत्तराचा पहिला अंदाज आपण द्यायचा. आमच्या गावच्या शाळेत अंदाजाने उत्तर लिहिलं की गुरुजी कान धरत. इथे अंदाजाशिवाय गणित पाऊलच उचलत नाही. "काका, जवळपासचं काहीही चालतं," ती म्हणाली. "कशाच्या जवळपास, ते ठाऊक असतं तर तुझी लायब्ररी कशाला लागली असती?" "काका, तुम्ही फार खोलात जाता."

मी नम्रपणे चारही कोन शून्य दिले. लायब्ररी जागची हलेना. (सगळे दांडे एका रेषेत झोपले की कुठल्या बाजूला सरकावं हेच तिला उमजत नाही म्हणे.) मग चारही ठिकाणी शंभर दिले, तर पाठीचा कोन अकरा हजार अंश आला. एवढ्या गिरक्या बाबांना या वयात झेपल्या नसत्या. शेवटी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि सुचले ते चार आकडे दिले. पाच फेऱ्यांत उत्तर आलं. चूक किती, तर दशांशचिन्हानंतर बारा शून्यं. इतकी शून्यं पाहिल्यावर मी चित्रसुद्धा न काढता आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींना दांड्यांत भोकं पाडायला सांगितलं.

पलंग जोडून झाल्यावर मिस्त्री स्वतःच त्यावर आडवे झाले आणि मी हँडल फिरवलं. पाठ शांतपणे जमिनीकडे गेली आणि पाय छताकडे. मिस्त्री भला माणूस. त्या अवस्थेत त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, हे असंच आहे ना?" मी कागद पाहिला. चारही समीकरणं तंतोतंत जुळत होती. "गणिताने बरोबर आहे," मी म्हणालो. "मग इथे गणिताला झोपवा," ते म्हणाले, "आणि मला उतरवा."

तुमच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, अशा समीकरणांना एकाहून जास्त खरी उत्तरं असू शकतात, आणि आपण ज्याच्या जवळ उभे राहतो बहुधा तेच हाती लागतं. प्रार्थनेबद्दलही मला असंच वाटत आलं आहे. मग तुमच्या बहिणीला आरामखुर्चीत बसवलं आणि मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने तिच्या पाठीचे, गुडघ्याचे कोन मोजले. ("बावीस वर्षांनी मापं घेताय होय," ती म्हणाली.) तेच आकडे अंदाज म्हणून दिले, उत्तर बदललं, नवी भोकं पडली, पलंग घरी आला आणि गुरुवारी सकाळी बाबा हँडलच्या चार फेऱ्यांत ताठ बसले. प्रार्थना झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, जमलं बरं का तुम्हाला." दादा, हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

आपला,
बाबांचा जावई

ता. क. त्याच दुपारी जेवण झाल्यावर बाबांना आडवं व्हायचं होतं. समीकरणं मी बसण्याची लिहिली होती. परत निजण्याचं विचारायचं राहून गेलं. ताठ होताना दांडा जरासा पलीकडे कलला तो कललाच, आता हँडल उलटं फिरत नाही. शेजाऱ्यांच्या मदतीने बाबांना अलगद उचलून आमच्या पलंगावर निजवलं आहे. तिथे ते सुखात आहेत. तुमची बहीण मुलीच्या खोलीत गेली आहे आणि हे पत्र मी बाबांच्या पलंगावरून लिहितो आहे. तीन रात्री बसून काढल्या. तुम्ही म्हणाला होतात तो तयार पलंग अजून मिळत असेल तर कृपया लगेच पाठवा.

आणखी एक. पाठवण्याआधी त्यावरची बनवणाऱ्याची पट्टी तेवढी काढून टाका. सुधारलेला पलंग कारखान्यातून येतो आहे, असं मी बाबांना सांगितलं आहे. कुठल्या कारखान्यातून, ते त्यांनी विचारलं नाही.