आईचा वाढदिवस, मार्गशीर्ष अमावास्या

जुळे सोलापूर,
८ डिसेंबर २०२५

प्रिय कुंडलिकदादास,

नमस्कार. आम्ही मायलेकी खुशाल आहोत. वहिनी आणि तुझी लेक संस्कृती मजेत असतीलच. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून सरळ पोस्टाचं तिकीट लावलं. फाडायच्या आधी वाच तरी.

बातमी अशी की मी जिंकले! ज्या कॅलेंडरसाठी मी कंपनीची नोकरी सोडली आणि ज्याला तू भर पंगतीत ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणालास, त्यात काल माझं काम सामील झालं. हे कॅलेंडर ब्राउझरमध्ये उघडतं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरची माणसं मिळून घडवतात आणि कुणीही फुकट वापरतं. त्यात ‘दर महिन्याच्या पाच तारखेला’ असं सांगता यायचं, पण ‘दर वर्षी अमुक तिथीला’ असं सांगता येत नव्हतं. आता येतं. ते मी केलं, दादा. भाकऱ्या मी भाजल्या आणि लष्कर पोटभर जेवलं!

हे सुचलं आईमुळं. आधारवर तिची जन्मतारीख एक जून. आपल्याकडं गुरुजींनी अख्ख्या गावालाच एक जूनला जन्माला घातलंय. यंदा मी त्या दिवशी केक आणला, तर म्हणते कशी, “ह्यो गुरुजींनी दिल्याला वाढदिवस हाय, माझा न्हाय. मी येळामावस्येला शेतात झाले. आई आंबील घिऊन शेतात गेली हुती, येताना मला घिऊन आली.”

मग तिथीची सोय लिहून मी कॅलेंडरात येळामावस्या, म्हणजे पंचांगातली मार्गशीर्ष अमावास्या, घातली. तर २०२६ साल सगळं कोरं! प्रकल्प सांभाळणाऱ्या मंडळींनी लगेच शेरा मारला की गणित चुकलंय, दर वर्षी येणारा दिवस गायब कसा होईल? मीही हट्टी. पंचांगं उघडून बसले. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ महिना आहे, त्यामुळं येळामावस्या डिसेंबर ओलांडून थेट जानेवारी २०२७ मध्ये जाते. चूक नव्हतीच! जुन्या वर्षांचे दाखले दिले, कितीतरी दिवस भांडले, आणि काल त्यांनी लिहिलं, ‘तुझंच बरोबर.’ वर त्या भागाची सगळी जबाबदारीही माझ्याकडं दिली. मी घरभर नाचले. आई म्हणाली, “येडी झालीस व्हय गं?” आणि तिनंच शिरा केला.

एवढी बढाई मारून झाली, आता मुद्द्याचं लिहिते. यंदाची येळामावस्या १९ तारखेला, शुक्रवारी आहे. त्याच कॅलेंडरातून मी तुला आमंत्रण पाठवलं होतं. तुझं उत्तर नाही. आईला मी ‘कामात असेल’ म्हणून सांगितलं. तिनं मात्र भज्जीच्या भाजीबरोबर खायच्या उंड्यांसाठी बाजरी तुझ्याही वाटणीची दळून आणली.

तुझ्या बोलण्याचा राग मला अजून आहे, लई आहे. तो आपण शेतात भज्जी खाता खाता काढू. पण आईची साठी उलटली आणि तिचा खरा वाढदिवस आयुष्यात पहिल्यांदा होतोय. पुढच्या अख्ख्या वर्षात तो नाही, हे मी जगाशी भांडून सिद्ध केलंय. त्या कॅलेंडरात बदल करायचा अधिकार आता माझ्या हातात आहे, तरी तो दिवस काही मला आणता येणार नाही.

तुला मात्र येता येईल.

बांधावर वाट बघणारी आणि भांडायला टपलेली,
तुझीच
अंकिता