भाऊराव नगराळे यांच्या नावावर टूं न वाजवण्याबाबत

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. केंद्र व्यवस्थापक,
रेडिओ पासपडोस, सामुदायिक केंद्र,
नवी दिल्ली

विषय : येत्या रविवारी, २३ नोव्हेंबर रोजी, 'रविवारची बैठक' या मराठी कार्यक्रमात अर्जदारास दोन मिनिटे थेट बोलू देणे.

संदर्भ : अर्जदाराचे दि. १ सप्टेंबर, २२ सप्टेंबर व १४ ऑक्टोबरचे अर्ज. पहिल्या दोहोंना उत्तर मिळाले, तिसऱ्याला अद्याप नाही.

महोदय,

१. ही हकीकत सन २०२३ ची. अर्जदार श्रीमती विजयालक्ष्मी शशिकांत हळबे, वय ७६, ही १९७४ साली लग्न होऊन सोलापूरहून सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. आधी पतीच्या आणि मग मुलगा केतन याच्या केंद्रीय नोकरीमुळे तिचे सगळे आयुष्य याच भागात गेले. कोणत्या क्वार्टरमध्ये कोण राहून गेले, कोणाच्या दारातला कडुनिंब कोणी लावला, उन्हाळ्यात टँकर कोणत्या साली पहिल्यांदा आला, हे सर्व तिला तोंडपाठ असल्याचा वसाहतीत लौकिक होता. आपल्या केंद्रावर रविवारी सकाळी दहा वाजता पाणी, बस, पाडकाम, मंडळाच्या बातम्या यांवर मराठी श्रोते फोनवरून बोलतात, त्यात अर्जदाराचा फोन ठरलेला असे. निवेदिका रेवती म्हणत असे, "काकू, तुम्ही म्हणजे बिल्कुल रेकॉर्ड रूम आहात." अर्जदारास ते फार आवडत असे. पुढचे सर्व त्यातूनच घडले, म्हणून नमूद केले.

२. वसाहतीच्या मराठी मंडळाची एक मोठी सतरंजी होती. चौघांनी धरल्याशिवाय तिची घडी होत नसे. गणपती असो, १ मे असो की १४ एप्रिलची जयंती, अंथरली जाई ती हीच. रिवाज असा, की ज्यांनी शेवटचा कार्यक्रम केला, त्यांच्या घरी ती पुढच्या कार्यक्रमापर्यंत राहायची. २०२३ मध्ये १ मेचा कार्यक्रम झाला नाही, शेवटचा झाला तो जयंतीचाच, तेव्हा सतरंजी श्री. भाऊराव नगराळे यांच्याकडे असणार हे सर्वांनी गृहीत धरले. नगराळे हे मूळचे वर्ध्याकडचे, निवृत्त सेक्शन ऑफिसर आणि एकतीस वर्षांचे शेजारी. जूनमध्ये अर्जदाराचे पती वारले, तेव्हा पहिले धावून आले ते नगराळेच.

३. गणपती जवळ आले आणि सतरंजी सापडेना. नगराळे यांना सरळ जाऊन कोणीही विचारले नाही. सगळे आपापसातच कुजबुजत राहिले. त्यातच रविवार, ३ सप्टेंबरला आपल्या केंद्रावर विषय होता, वसाहती रिकाम्या होताना सार्वजनिक वस्तूंचे काय होते. अर्जदाराने फोन केला आणि सांगितले, "काय होतं म्हणजे? ज्यांच्याकडे शेवटची जाते, त्यांच्याकडेच राहते. आमच्या मंडळाची सतरंजी भाऊराव नगराळ्यांकडे गेली, ती गेलीच." रेवतीने विचारले, "अच्छा, पण काकू, पक्कं ना?" त्यावर अर्जदार हसून म्हणाली, "माझी आठवण कधी चुकली आहे का गं?"

४. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्यापाशी नगराळे यांच्या पत्नी शीलाताई आल्या आणि बायका बोलता बोलता थांबल्या. गणपतीत बावीस वर्षे माइकवरून सूत्रसंचालन नगराळे करीत. त्या वर्षी त्यांना कोणी बोलावले नाही. पुढच्या जयंतीला तर कोणीतरी मोठ्याने थट्टा केली, "भाऊराव, घरी कुठल्या खोलीत अंथरली?" नगराळे हसले, चप्पल घालून निघून गेले आणि तेव्हापासून मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमास आले नाहीत.

५. यंदा ऑगस्टमध्ये केतनला नवे घर मिळाले. सामान हलवण्यासाठी सुताराने अर्जदाराच्या बॉक्स-बेडचे झाकण उचलले. आत सतरंजी होती. तिच्यावर कै. शशिकांत यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : "मंडळाची सतरंजी. भाऊरावांच्या भिंतीला ओल आली आहे, म्हणून सध्या आपल्याकडे. गणपतीला आठवणीने काढणे." म्हणजे अर्जदार दोन वर्षे चार महिने त्याच सतरंजीवर गादी टाकून झोपत होती. झाकण जड, ते एकटीने उचलत नाही, हे कारण अर्जदार देऊ शकते. परंतु शेवटचा कार्यक्रम दुसऱ्या कोणा कुटुंबाचा असता, तर रेडिओवर नाव घेण्याआधी तिने केतनला हाक मारून एकदा पलंग उघडून पाहिला असता का, असे तिने स्वतःला विचारले. पाहिला असता. एवढे एक वाक्य लिहायला अर्जदारास पंचाहत्तरी ओलांडावी लागली.

६. अर्जदार त्याच संध्याकाळी नगराळे यांच्या घरी गेली. शीलाताईंनी चहा दिला, पण स्वतः बसल्या नाहीत. नगराळे यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि शशिकांत यांचे अक्षर शेवटपर्यंत सुरेख होते, असे म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, ती शशिकांतच घेऊन गेले, पण मला कोणी विचारलंच नाही. घरी बोलला असतात तर घरात मिटलं असतं. तुम्ही रेडिओवर बोललात. ते अजून रेडिओवरच आहे."

७. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे अर्ज केला. पहिले उत्तर आले, की श्रोत्याने कोणाही खासगी व्यक्तीचे नाव घेऊ नये असा केंद्राचा नियम आहे. हा नियम सप्टेंबर २०२३ मध्ये अर्जदाराच्याच फोनमुळे झाला, असेही त्यात होते. म्हणजे आळ घेताना नियम नव्हता आणि क्षमा मागताना तो लागू झाला. दुसरे उत्तर आले, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतः अर्ज केल्यास विचार होईल. ते घेऊन अर्जदार पुन्हा नगराळ्यांच्या दारी गेली. शीलाताई दारातूनच म्हणाल्या, "आम्ही चोर नाही असा अर्ज आता आम्हीच करायचा? वा! तीन प्रतींत करू का?" याचे उत्तर आपल्या कार्यालयाकडे असल्यास कळवावे.

८. अखेर आपल्या कार्यालयाने अर्जदाराचे बोलणे आधी ध्वनिमुद्रित करून घेतले आणि १२ ऑक्टोबरला प्रसारित केले. नियमानुसार प्रत्येक नावाच्या जागी टूं असा आवाज टाकलेला होता. श्रोत्यांनी ऐकले ते असे : "मी विजयालक्ष्मी हळबे सांगते, की टूं यांनी काही घेतलं नव्हतं. टूं हा अत्यंत सज्जन माणूस आहे. मी टूं आणि टूं या दोघांची हात जोडून क्षमा मागते." त्या दिवशी अर्जदारास अकरा फोन आले. दिल्लीतल्याच द्वारकेहून जुने शेजारी खंडेराव विचारत होते, "काकू, एवढ्या शिव्या कुणाला दिल्यात?" दोघांनी तर त्यांच्या मते टूं कोण असावा, ती नावे सांगितली, आणि ती माणसे निराळीच निघाली. एका माणसावरचा आळ फेडायला जाऊन अर्जदाराने आणखी दोघांना संशयात ओढले आहे.

९. या प्रकरणातील माणसांचे पुढे काय झाले, ते आपल्या माहितीसाठी. शशिकांत गेले, चिठ्ठी तेवढी मागे राहिली. रेवतीने निवेदन सोडून नोएडात नोकरी धरली. परवा तिने फोन करून विचारले, "काकू, मी तेव्हा लाइन कट करायला हवी होती का?" तिचा दोष नाही. केतन म्हणतो, "आई, आता सोड ना यार." सतरंजी नव्या घराच्या बाल्कनीत आहे. मंडळाने आता भाड्याच्या खुर्च्या घेणे सुरू केले असल्याने तिला कोणी नेत नाही. लुंबिनी, म्हणजे नगराळे यांची मुलगी, हिची नागपूरला बदली झाली आहे आणि शुक्रवार, २८ नोव्हेंबरच्या गाडीने भाऊराव आणि शीलाताई तिच्यासोबत कायमचे जात आहेत. आपल्या केंद्राचा आवाज दहा-बारा किलोमीटरच्या पुढे पोहोचत नाही. नगराळे अजूनही दर रविवारी दहा वाजता ट्रान्झिस्टर लावतात, हे अर्जदारास लुंबिनीने सांगितले. आता एकच रविवार उरला आहे. अर्जदाराचे कशात लक्ष लागत नाही. दिवसातून चार वेळा ती पोस्टाची पेटी उघडून पाहते.

१०. तरी विनंती, की २३ नोव्हेंबरला अर्जदारास दोन मिनिटे द्यावीत. दोन शक्य नसल्यास एक द्यावे. नियम मोडणे शक्य नसेल आणि कोणाच्या तरी नावावर टूं वाजवणे भागच असेल, तर ती अर्जदाराच्या नावावर वाजवावी, तिला ती शोभेल. भाऊराव नगराळे हे नाव मात्र पूर्ण आणि स्वच्छ ऐकू यावे.

रविवारी सकाळी दहापासून फोनजवळ बसून असलेली,

विजयालक्ष्मी शशिकांत हळबे

सोबत :
१) कै. शशिकांत हळबे यांच्या चिठ्ठीची छायाप्रत. मूळ चिठ्ठी श्री. नगराळे यांनी मागून घेतली आहे.
२) सतरंजीचा फोटो.
३) १२ ऑक्टोबरचे ध्वनिमुद्रण, टूंसह.