शेवंती बांधली ती जागा

सारंगखेडा,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६१

प्रिय भाऊ,

अक्षर ओळखलंस का रे? सात वर्षांत एक ओळ नाही आणि आज मंगलीला कुठून भावाची आठवण झाली, म्हणून फाडून टाकू नकोस. रागवायचं तर शेवटपर्यंत वाचून रागाव. मी सध्या माहेरी आले आहे. आबा हिंडते-फिरते आहेत, पण डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि उजव्याने अंधुक. वैद्याचं ऐकतील तर ते आबा कसले! केळीला यंदा पाणी भरपूर आहे.

भाऊ, मी ते गाव पाहून आले. समुद्राकाठचं, सिनेमा कंपनीसाठी तू आपली घोडी घेऊन गेला होतास ते गाव. तो जुना बोलपट यंदा उन्हाळ्यात नंदुरबारला तंबूत लागला होता, तेव्हापासून तुझ्या मेहुण्यांनी ध्यासच घेतला. दिवाळी होताच नवापूरवरून सुरतेची गाडी धरली आणि पुढे बैलगाडीने गेलो. मी नको-नको करत होते. ह्यांना वाटलं, बायको पाण्याला भिते. तापीकाठची मी, पाण्याला कशाला भिऊ! मला तिथे तुझी आठवण नको होती.

तिथे धनुबाई म्हणून एक म्हातारी आहे. बोलपट बघून येणाऱ्यांना ती पायी गाव दाखवते. काठी टेकत ती पुढे आणि मागे आम्ही आठ-दहा जण. इथे नायिका रडली, इथे झोपडी पेटवली, इथे कंपनीचा चहा उकळायचा, सगळं तिला पाठ. ती बोलपटातली विहीर आठवते ना? मी हौसेने वाकून पाहिलं तर आत गुडघाभर खड्डा आणि काठ लाकडी फळ्यांचा! घरांना निळा रंग दिला होता तोसुद्धा फक्त कॅमेऱ्यासमोरच्या भिंतींना, मागच्या बाजूला गोवऱ्या थापलेल्या. सगळे हसत होते. मीही हसले.

मग आपली शेवंती धावते ती वाळू आली. बोलपटात दोन क्षण दिसते बघ, मान उंच करून, त्या तुटक्या डाव्या कानासकट. लोक म्हणाले, काय घोडी आहे! धनुबाईने आम्हाला एका ताडाखाली नेलं. तिथे पांढऱ्या दगडांचा ढीग आहे. ती म्हणाली, हे सिनेमात नाही, पण हे दाखवल्याशिवाय मी कोणाला परत पाठवत नाही. आणि तिने तुझी गोष्ट सांगितली. मी तुझी बहीण, हे तिला माहीत नव्हतं.

भाऊ, तू घरी येऊन एवढंच म्हणालास, शेवंती बुडाली. तापीच्या पुरात पोहून आलेली घोडी बुडेल कशी, म्हणून कोणाला पटेना. तिला बांधली होती, हे का नाही बोललास रे? भर दुपारी ओली वाळू गार म्हणून तू तिला तिथे पुढच्या-मागच्या पायांना दोर लावून, अगाडी-पिछाडी घालून बांधलीस, आपण इथे तापीकाठी बांधतो तशी. तापी काय दुपारची काठ सोडून वर येते? कंपनीवाल्यांनी तुला हाक मारली, तू गेलास आणि भरती आली. पाणी जातं-येतं हे आमची पोरं चालायच्या आधी शिकतात, धनुबाई म्हणाली, त्या खानदेशच्या माणसाला सांगायचं कोणाला सुचलंच नाही. तू छातीभर पाण्यात शिरून दोर कापत होतास, लोकांनी तुला ओढून काढलं. तिला पुरायला खड्डा तू एकट्याने खणलास, कोणाला हात लावू दिला नाहीस आणि डोक्याचा फेटा सोडून तिच्यावर घातलास. दरवर्षी येऊन एक दगड ठेवून जातोस, हेही ती बोलली. मी मोजले. सात होते.

मी पदराने डोळे पुसत राहिले. ह्यांना वाटलं, खाऱ्या वाऱ्याने.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. माझ्या लग्नात नवरदेव शेवंतीवर बसणार होता. तू शब्द दिला होतास आणि आलास लग्नानंतर दोन दिवसांनी, तेही रिकाम्या हाताने. मला तुझा इतका संताप आला होता की बोलायची सोय नाही. पंधरा दिवसांनी यात्रेत, त्या घोडेबाजारात, लांबून एक पांढरी घोडी दिसली. कान मला दिसलाच नव्हता. तरी मी आबांना म्हणाले, शेवंतीच होती, तुटका कान मी डोळ्यांनी पाहिला. आबा धावले तोवर व्यापारी निघून गेला होता. मग तू घोडी विकलीस असं धरून सगळ्या बाजारासमोर त्यांनी तिचा लगाम तुझ्या अंगावर फेकला. ‘घोडी इकी टाकी तू, माले तोंड दखाडू नको.’ तू माझ्याकडे बघितलंस आणि मी खाली बघितलं. मेलं माझं तोंड, तेव्हाच का नाही उघडलं!

त्या दिवसापासून आबा दर यात्रेला पांढऱ्या घोड्यांचे डावे कान चाचपत फिरतात. व्यापारी हसतात. मी सात वर्षं ते बघत आले.

धनुबाईनेच सांगितलं, तू सुरतेला स्टेशनाबाहेर टांगा हाकतोस. परतताना मी तुला पाहिलं, भाऊ. घोड्याला पाणी पाजत होतास, केस पांढरे झालेत तुझे. दहा पावलांवर होते मी. हाक मारायला तोंड उघडलं आणि कोणत्या तोंडाने, असं वाटून पदर ओढून गाडीत जाऊन बसले. हे पत्र त्याच टांगा अड्ड्यावर पाठवते आहे.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बांधेल व्हती का?’ मी हो म्हणाले. दोन दिवस ते जेवले नाहीत, माझ्याशी तर अजून बोलत नाहीत. पण आज सकाळी यात्रेचा फेटा धुवायला काढला. मी म्हटलं, आबा, आता कशाला जाता, घोडी तर नाही. तेव्हा भिंतीकडे बघून म्हणाले, ‘घोडी नही, मन्हा पोऱ्या धुंडाले. बजारमाईन हाकलं, बजारमाईनच घर लई जासू.’ सुरतेला चला म्हटलं तर ऐकत नाहीत. ज्यांच्यासमोर घालवलं त्यांच्यासमोरच न्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. म्हणून हे पत्र. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला ते त्याच जागी उभे राहतील, जिथे लगाम फेकला होता. तू समोर आलास तरी त्यांना नीट दिसणार नाही, तेव्हा तूच पुढे हो आणि त्यांचा हात धर. मी शेजारी असेन. कान मी पाहिला नव्हता, हे त्याच बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पण ये रे, भाऊ. या वर्षी त्यांना कोणाचे कान चाचपू देऊ नकोस.

तुझीच, तोंड उघडायला सात वर्षं लावलेली,
मंगला