कोपऱ्यातल्या नळाचे पाणी

प्रति,
मा. अधिष्ठाता,
पदव्युत्तर विभाग, एल्क कूली विद्यापीठ, मॅनिटोबा.

विषय : माझा सही झालेला प्रबंध परत मिळणेबाबत.
संदर्भ : सही मिळावी म्हणून केलेले माझे यापूर्वीचे नऊ अर्ज.

महोदया,

सविनय सादर करते की, मी लॅरिसा होलोवाच, जीवाणूशास्त्राची विद्यार्थिनी, वर्ष आठवे. जीवाणूच्या अंगावर साखरेचे चिकट कवच असते. कणाला कण जोडून ते विणणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा माझा विषय. हे विकर आमच्याकडे फक्त माझ्याच हातून चालते. म्हणून माझे मार्गदर्शक डॉ. ब्रेंट लॉकरबी यांनी अट घातली, की आणखी एकाला ते जमेपर्यंत माझ्या प्रबंधावर सही नाही.

२. मी पाच जणांना शिकवले. एकाने तर माझा जुना कोटही घालून पाहिला. कोणालाच जमले नाही. सर म्हणाले, "काय हात आहे गं तुझा! जप बाई त्याला." त्यानंतर बर्फावर मनगट मोडेल म्हणून माझा कर्लिंगचा खेळ बंद झाला. हॅलिफॅक्सच्या दोन नोकऱ्या हातच्या गेल्या. तिसरीची मुदत ३१ मे आहे.

३. मागच्या मंगळवारी कारण सापडले. पहिल्या वर्षी नवखी म्हणून मला कोपऱ्यातले बेसिन मिळाले होते. त्याचा नळ जुन्या गोठ्याच्या विहिरीवर आहे. भांडी काळी पडतात म्हणून तिथे कोणी फिरकत नाही. मी मात्र विकर गाळायच्या पिशव्या सवयीने तिथेच भिजवते. त्या पाण्यात मँगनीज आहे आणि विकराला नेमके तेच लागते. सरांचे तिन्ही शोधनिबंध मात्र ठणकावून सांगतात, की याला कोणत्याही धातूची गरज नाही. माझा प्रबंधही तेच सांगतो.

४. मी गप्प बसले. टेस पेनर या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या नळीत तिच्या नकळत कणभर मँगनीज टाकले. "जमलं गं लॅरिसा, मलाही जमलं!" म्हणून तिने मला मिठी मारली. सरांनी त्याच दुपारी सही केली. मला लाज वाटावी इतका आनंद झाला.

५. काल सर टेसला म्हणाले, "हॉकी आता बंद हं, पोरी. दुसरं कोणी तयार होऊ दे, मग बघू." ती हसून हो म्हणाली.

६. सबब प्रबंध परत द्यावा, म्हणजे खरे लिहिता येईल. त्यावर सर सही करणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आपली, अजूनही विद्यार्थिनी,
लॅरिसा होलोवाच
१४ मे

सोबत : नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल.
प्रत : कु. टेस पेनर. (टेस, मला माफ कर. आज खेळायला जा.)