दूध तपासायला आलेल्या मॅडम

आप्पा, आज रविवार होता, तरी प्रयोगशाळेत जाऊन आले. काचेच्या बशीत मी मेंदूच्या पेशी वाढवते. आधी ज्यांच्यापासून त्या तयार होतात त्या जनकपेशी सांभाळाव्या लागतात, आणि त्यांचं खाणं चुकवून चालत नाही. शेजारीण म्हणाली, सुट्टीच्या दिवशी कसलं आलंय काम? मी तुमचंच वाक्य तिला ऐकवलं, "जनावराला रविवार नसतो."

घाटनांदूरजवळच्या आपल्या गावात तुम्ही सहकारी डेअरीचे सचिव. मी शाळेत असताना दुष्काळ पडला, कडबा संपला, लोक कारखान्यावरून उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, आणून जनावरं जगवत होते. धनगरवस्तीवरची मावशी किटली घेऊन येते, तुम्ही दुधात घट्टपणा मोजणारं मापक सोडता, डिग्री कमी भरते आणि मी मध्येच बोलून जाते, "पाणी घातलंय." केवढे चिडलात! "डिग्री उतरली की लगेच मानूस चोर? जनावरानं काय खाल्लं ते इचार आदी!" दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दूध संघाकडून तपासायला आलेल्या मॅडमनी पातळ म्हणून गावाचं सगळंच दूध परत पाठवलं. तुम्ही हात जोडलेत, उपयोग झाला नाही. रात्री जेवला नाहीत.

तुमचं रागावणं असं चोख, कौतुक मात्र कधी नाहीच. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हाही "जा, नीट ऱ्हा," एवढंच. माझ्या शिक्षणाचं तुम्हाला काही वाटतं की नाही, हे मला कळेना, आणि ते फार लागायचं.

आता माझं कामही आधी काय झालं ते विचारण्याचंच आहे. मेंदूच्या पेशींत एक लांब प्रथिन असतं, त्याला पूर्वगामी प्रथिन म्हणतात. ते तुमच्यात होतं, माझ्यातही आहे. एका जागी कापलं गेलं तर काही बिघडत नाही. दुसरीकडे कापलं गेलं की चिकट तुकडे निघतात आणि साचत जातात. तुमच्यासारखा विसर पडलेल्यांच्या मेंदूत ते सापडतात. मूळ दुखणं तेच की आणखी काही, यावर आम्ही अजून भांडतो.

तुमच्या शेवटच्या वर्षी मी घरी आले, तर तुम्ही लगबगीने उठून खुर्ची दिलीत. "बसा मॅडम. दूध पातळ हाय, पन पानी न्हाई घातलेलं. चाराच न्हाई, तर गरिबाला कावून दोष देता? घ्या एवढं." डेअरीला कुलूप लागून वर्षं लोटली होती. पोटची पोर ओळखू आली नाही, आणि मावशीचं दूध तेवढं लक्षात! "घेतलं, सगळ्यांचं घेतलं," मी म्हणाले. तुम्ही सुस्कारा सोडलात, मग हळूच म्हणालात, "माजी पोरगी बी तुमच्यासारखीच तपासनी करती. लई हुशार हाय. तिला कदी म्हनलो न्हाई तसं."

हे पत्र टाकणार तरी कुठे? राहील टेबलावर. "ती मीच" हे शब्द ओठांवर आले होते, आप्पा. पण सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबला असतात, आणि मला तिच्याबद्दल अजून ऐकायचं होतं.