दहाचा पंप की तीनचा?

सोमवार, ८ फेब्रुवारी

सापडला! वृद्धाश्रमाच्या बॉयलरला तो दहा एचपीचा राक्षस कुणी लावला, ते आज सापडलं. जुना हिशेबाचा कागद फायलीत अगदी तळाशी होता.

काय तो हिशेब! गरम पाणी बंद पाइपांतून पाच मजले फिरतं आणि परत बॉयलरकडेच येतं. वर चढणारं पाणी जेवढं जड, तेवढंच खाली उतरणारं. म्हणजे इमारतीची उंची धरायचीच नसते, पंपाने झगडायचं ते फक्त पाइपांच्या घर्षणाशी. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. आणि या दीडशहाण्याने पाचही मजले मोजलेत! वर पुन्हा सगळ्याची दीडपट – 'असू द्या जास्तीचं'. कोण हा गाढव, म्हणून सही बघितली.

माझी! एकोणीस वर्षांपूर्वीची. अक्षर मात्र सुरेख होतं हो तेव्हा.

ऑफिसात मला उगाच 'दीडपट' म्हणत नाहीत. ही तर म्हणते, दोन दिवसांच्या गावाला तुम्ही तीन दिवसांचे कपडे घेता आणि तरी छत्री विसरता.

आता तो पंप थकलाय, बदलायचाय. या वेळी नीट हिशेब केलाय. तीन एचपी पुरतो. साहेब म्हणाले होते, "दहाच्या जागी तीन? वरची शेवटची खोली गार पडली तर त्या म्हाताऱ्या माणसांना काय तोंड दाखवणार?" मी छाती काढून म्हणालो, "पडणार नाही." साहेब म्हणाले, "मग जबाबदारी तुमची." छाती तेव्हापासून आतच आहे.

जुना कागद साहेबांना दाखवलेला नाही. दाखवायलाच हवा का?

मंगळवार, ९ फेब्रुवारी

मिस्त्रीने नवा पंप जुन्याच्या शेजारी जोडून दिला. केवढासा तो! शनिवारी साहेबांसमोर चालू करायचा.

बुधवार, १० फेब्रुवारी

पाचव्या मजल्यावर शेवटच्या खोलीत गेलो. सगळ्यात लांबची खोली, तिथवर ऊब पोचली म्हणजे सगळीकडे पोचली. म्हटलं, जुन्या पंपावर किती गरम होतं ते आधी मोजून ठेवावं.

खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. मी पन्नाशीचा, तरी दारात चपला काढून ताठ उभा!

रेडिएटर छान गरम. बाई खूश होत्या. "काल संध्याकाळपासून ती नळांची मेली शिट्टीसुद्धा बंद झालीय. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले." मग चष्म्यावरून बघत, "तुम्ही पंप बदलणार म्हणे? खबरदार हात लावलात तर! चांगलं चाललेलं बघवत नाही का?"

मी "हो बाई" म्हणालो. काय 'हो', देव जाणे.

शिट्टी कशी थांबली? मामांनी एखादा व्हॉल्व्ह आवळला असेल. मामा म्हणजे तिथले बॉयलरवाले. तळघरात जाऊन त्यांना विचारणार होतो, पण ते पहिलंच विचारतात, "साहेब, एवढासा पंप पुरंल ना?" नको वाटलं. मागच्या दाराने सटकलो.

म्हणजे राक्षस बरा निघाला! चूक एकोणीस वर्षांपूर्वी नव्हती, चूक आत्ता आहे.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

शेपूट घातलं. साहेबांना पत्र दिलं – हिशेबात त्रुटी आढळली, तीनचा परत करावा, नवा दहाचाच मागवावा. साहेबांनी पाठ थोपटली. "मी म्हणतच होतो. शनिवारी बाराला ऑर्डर पाठवून टाकतो." पाठ अजून दुखतेय.

हिने विचारलं, "त्रुटी काय सापडली?"

"काही नाही."

"मग पत्र कशाला?"

बाईंचं सांगितलं. ही म्हणाली, "बाकी सगळं दीडपट, धीर तेवढा निम्मा." जेवण गेलं नाही.

लाज वाटतेय. बायकोची नाही, स्वतःचीच.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

हिशेब पाच वेळा केला. पाचही वेळा तीनच!

शनिवार, १३ फेब्रुवारी

सकाळी तळघरात गेलो. मिस्त्री यायच्या आत नव्या पंपावर एकदा हात फिरवून यावा म्हटलं, परतच जायचा आहे बिचारा.

हात ठेवला तर पंप कोमट. थरथरत होता. चालू!

जुना शेजारी थंडगार पडलेला. मामा कान खाजवत म्हणाले, "मंगळवारी दुपारीच जाम झाला हो तो. लोकं गारठतील म्हणून मी नवाच लावला. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही. तुम्ही पण काही बोलला नाहीत, म्हटलं तुम्हाला कळलंच असणार!"

कळलंच असणार! पंपाचा इंजिनियर मी! पाच मजले चढून शेवटची खोली मोजून आलो आणि खाली कुठला पंप चालतोय ते बघितलं नाही.

बुधवारचं पान आत्ता पुन्हा वाचलं. बाई ज्याला हात लावू देईनात, तो माझा तीनचा. नळांची शिट्टीही दहाच्या जादा जोरानेच वाजत होती.

साडेदहा झालेत. साहेब बाराला ऑर्डर पाठवणार. पत्र परत मागायला निघालोय. एकोणीस वर्षांपूर्वीचा कागदही बरोबर घेतलाय, दाखवायला.